जाताना सांगितलेले

आज १५ फेब्रुवारी. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीपासून कारंजा, मंगरुळपीर, रिसोडपर्यंत तांड्यातांड्यांत आज सेवालाल महाराजांची जयंती आहे. पांढऱ्या झेंड्यापुढे विस्तव फुलवला जाईल, तांड्यातला जाणता माणूस त्यात तूप, गूळ आणि लापशीचा भोग सोडील, अरदास, म्हणजे प्रार्थना, होईल, आणि मग जयघोष. भोग लावणाऱ्याच्या पाठीशी पोरांचा घोळका उभा असतो. अरदास त्यांना कोणी बसवून शिकवत नाही. थोरांच्या मागे उभे राहून, अर्धी समजून आणि अर्धी नुसतीच ऐकून ती त्यांच्या तोंडी बसते. बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही. तरीही परंपरेने १७३९ साली जन्मलेल्या माणसाचे बोल आजच्या पोरांना येतात, ते अशा मागे उभे राहण्यामुळे.

सेवालाल हे भीमा नायकांचे चिरंजीव. नायकपण बापाकडून लेकाकडे जायचे, हा तांड्याचा रिवाज. सेवालाल मात्र आजन्म ब्रह्मचारी राहिले. ज्यांच्या शब्दावर एवढा मोठा समाज उभा आहे, त्यांचा शब्द झेलायला पोटचा मुलगा नव्हता. त्यांच्या पोहरादेवीच्या परंपरेतले रामराव महाराज २०२० च्या ऑक्टोबरात गेले, तेही बालब्रह्मचारीच. म्हणजे पोहरादेवीचा वारसा मुळातच कोणा एका लेकाच्या कानात सांगितलेला नाही. खोटे बोलू नका, चोरी करू नका, दारू-जुगाराच्या वाटेला जाऊ नका, बाईमाणसाचा मान राखा, झाड आणि पाणी जपा, हे सगळे सांगणे तांड्यासमोर झाले. ऐकायला उभे होते त्या सगळ्यांचे ते झाले. आणि या बोलांत एक असा आहे, की त्याने बाकीच्या सगळ्या बोलांची राखण करावी: कोणतीही गोष्ट आधी जाणून घ्या, गाळून घ्या, आणि मगच माना. स्वतःचा शब्दसुद्धा पारखून घ्यायला सांगणारा पूर्वज विरळाच.

जयंतीच्या निमित्ताने आज लिहायचे आहे ते याविषयी. बाप जाताना काय सांगून जातो, ते कोणाला सांगतो, आणि ऐकणाऱ्याने त्यातले काय ठेवावे, काय सोडावे. आपल्या वाशीम जिल्ह्यात बाप गेल्यावर तेराव्याच्या आत सातबाऱ्याचा विषय निघतो. शब्दाचा विषय सहसा निघत नाही. तो आज काढू.

मरणाच्या दारातला बाप आणि खाटेभोवती जमलेली लेकरे, हे दृश्य बायबलच्या जुन्या करारात जितक्या तपशिलाने आणि जितक्या वेळा आले आहे, तितके फार थोड्या ग्रंथांत आले असेल. त्यातला सर्वांत मोठा प्रसंग याकोबाचा. दुष्काळाने घर सोडून मिसरात गेलेला हा म्हातारा कुटुंबप्रमुख बारा मुलांना बोलावतो आणि पुढच्या काळात तुमचे काय होणार ते सांगतो. आशीर्वाद म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण वाचायला बसले की जाणवते, की पहिल्या तीन मुलांच्या वाट्याला आशीर्वाद आलेलाच नाही. थोरल्या रऊबेनाला त्याच्या जुन्या पापाची आठवण करून दिली जाते. शिमोन आणि लेवी यांनी बहिणीच्या अपमानाचा सूड म्हणून शखेम नावाच्या नगरातले सगळे पुरुष कापून काढले होते. त्यांच्या रागाला बाप शाप देतो आणि तुम्ही दोघे विखरून जाल, असे सांगतो.

सेवालालांच्या बोलांतही असेच भविष्य आहे. एक दिवस वाटीभर पाणी विकत घ्यावे लागेल, मूठभर चण्यांना रुपया मोजावा लागेल, असे ते सांगून गेल्याचे तांडा सांगतो. अठराव्या शतकात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या माणसांना ते किती अशक्य वाटले असेल! विहिरीवर, नदीवर पाणी कोणी विकते का? आज एप्रिल लागला की मानोऱ्याच्या, मालेगावच्या माळावरच्या वस्त्यांत टाकीचे आणि जारचे दर ठरतात. भविष्य खरे ठरले म्हणून त्याचे कौतुक करण्यात आम्हांला रस नाही. ते सांगण्यामागे झाडे आणि पाणी जपण्याची आज्ञा होती, आणि आपण भविष्य पाठ केले, आज्ञा बाजूला ठेवली. याकोबाच्या मुलांपैकी लेवीच्या वंशाने नेमके उलट केले.

ती कथा इथे थांबून पाहण्यासारखी आहे. विखरून जाल, हा शाप शिमोन आणि लेवी दोघांना मिळाला होता. शिमोनाचा वंश हळूहळू यहूदाच्या वंशात मिसळून गेला. लेवीचा वंशही विखुरला. देश वाटला गेला तेव्हा त्यांना सलग जमीन मिळालीच नाही. इतर वंशांच्या हद्दींत पसरलेली ४८ गावे मिळाली. पण त्या विखुरण्याचेच त्यांनी काम करून टाकले. प्रत्येक मुलखात शास्त्र सांगणारे, उपासना चालवणारे लोक म्हणून ते राहिले. जमीन नसलेल्या वंशाकडे शब्द सांभाळण्याची जबाबदारी आली. लोकांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे त्याच वंशातला. बापाचा शाप तोंडातून निघाला तेव्हा एक होता. नातवंडा-पणतवंडांनी जगून दाखवला तेव्हा त्याचा अर्थ पालटला.

बंजारा समाजाचे विखुरणे कोणा बापाच्या शापाने झाले नाही. आधी रस्ते आणि रेल्वे आली, बैलांवरचा व्यापार बसला. मग १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या आणि अशा अनेक भटक्या समाजांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली. आजही एकच बोली बोलणारा, एकाच झेंड्यापुढे हात जोडणारा हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. दिवाळीनंतर तांड्यातली कर्ती माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. सरकारदरबारी इतक्या वाटांनी वाटला गेलेला समाज रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत एकत्र दिसतो, तो कोणा राजाच्या हुकमाने नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उघडले, ते चांगलेच झाले. पण विरासत काचेच्या कपाटात बसण्याआधी तीनशे वर्षे माणसांच्या तोंडी होती, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला सांगितले पाहिजे.

वारसा पोटच्या मुलाकडेच जातो असे नाही, म्हणून मोशेचीही गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. त्याला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि एलियेजर. वचनाचा देश समोर दिसत असताना मोशेला तिथे पाऊल ठेवता आले नाही, आणि पुढची जबाबदारी त्याने सोपवली ती यहोशवावर, दुसऱ्या वंशातल्या माणसावर, सगळ्या लोकांच्या देखत. धीर धर, भिऊ नकोस, असे त्याला सांगितले गेले. पोटच्या मुलांचा त्या प्रसंगी उल्लेखही नाही.

आता दाविदाकडे येऊ, कारण आपल्या गावगाड्याशी सर्वांत जवळचा हा बाप आहे. दावीद राजाने शलमोनाला दिलेला निरोप पहिल्या राजांच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात आहे. सुरुवात थोर आहे: हिंमत धर, मर्दासारखा वाग, देवाच्या आज्ञा पाळ. प्रवचनांत एवढेच सांगितले जाते. पुढची वाक्ये सहसा कोणी वाचून दाखवत नाही. पुढे दावीद मुलाला तीन नावे देतो. यवाब, त्याचा स्वतःचा सेनापती, ज्याने अबनेर आणि अमासा यांना दगा देऊन मारले: त्याचे पिकले केस सुखाने मातीत जाऊ देऊ नकोस. शिमी, ज्याने पळापळीच्या दिवसांत दाविदाला शिव्याशाप दिले होते आणि ज्याला मी मारणार नाही अशी शपथ दाविदाने स्वतः घेतली होती: मी शपथेत अडकलो, तू अडकलेला नाहीस. आणि तिसरे नाव गिलादच्या म्हाताऱ्या बर्जिल्लयाचे. मुलगा अबशालोम उलटला, राजाला रानोमाळ पळावे लागले, तेव्हा या माणसाने त्याच्या लोकांना अंथरूण, भांडी, गहू, डाळ, मध, लोणी आणून दिले होते. त्याच्या मुलांना आपल्या ताटाला जेवू घाल, असे दावीद सांगतो.

एकाच श्वासात हा बाप तीन वारसे देतो: धर्म, वैर आणि उपकाराची जाण. शलमोनाने वैराची बाजू चोख पार पाडली. यवाब वेदीची शिंगे धरून उभा असताना तिथेच त्याला मारले गेले. शिमीला यरुशलेमात तीन वर्षे कोंडून ठेवून पुढे निमित्त सापडताच संपवले. बायबलची थोरवी अशी, की त्याने हा निरोप झाकून ठेवला नाही. दाविदाला स्तोत्रकार म्हणून डोक्यावर घेणाऱ्या परंपरेने त्याच्या मरणखाटेवरचा सूडही लिहून ठेवला, म्हणजे वाचणाऱ्याला गाळून घेता यावे.

आपल्याकडे दाविदाचे निरोप गावोगाव दिले जातात. धुऱ्यावरच्या दीड हाताच्या पट्टीवरून बाप तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षे तारखा करतो, आणि जाताना पोराला सांगतो की केस सोडू नको. ज्याने सन बहात्तरच्या दुष्काळात दोन पायल्या ज्वारी उसनी दिली होती, त्याचे नाव सांगायचे राहून जाते. आम्ही या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना विचारतो: तुमच्या बापाने सांगितलेला यवाब तुम्हांला ठाऊक आहे, तुमच्या घरचा बर्जिल्लय कोण, ते ठाऊक आहे का?

वारशात भांडण मुरले की देवाच्या दारालाही कुलूप लागते, हे पाहायला वाशीमकरांना दूर जावे लागत नाही. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. जमिनीपासून किंचित अधांतरी भासणाऱ्या मूर्तीची ही ख्याती. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ तिला आपली मानतात, आणि दोघांची श्रद्धा अस्सल आहे. १९०५ साली दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे मूर्तीच्या लेपावरून आणि व्यवस्थेच्या हक्कावरून वाद कोर्टात गेला, थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. तिथला निकाल १९२९ चा. तरीही वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडले २०२३ साली. मधल्या चार दशकांत शिरपुरात जन्मलेली मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि आपल्या गावच्या मूर्तीचे नीट दर्शन त्यांना घडले नाही. कोणाचा दावा खरा, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. ते काम न्यायालयांचे आहे. अपरिग्रह आणि अनेकांत शिकवणाऱ्या तीर्थंकराच्या दोन्हीकडच्या वारसांना आपापल्या पूर्वजांकडून हक्कही मिळाला आणि शिकवणही मिळाली. हक्क पुढे चालवला गेला तितक्याच हिरिरीने शिकवणही चालवली गेली असती, तर १९०५ चे ते वेळापत्रक पुरेसे होते.

त्याच समाजाने याच जिल्ह्यात शब्द कसा सांभाळावा तेही दाखवून दिले आहे. कारंज्याच्या जैन मंदिरांतली ग्रंथभांडारे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. हस्तलिखिते फडक्यात गुंडाळायची, दोरीने बांधायची, पावसाळा सरला की उन्हात काढायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. जपणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना त्यातली अपभ्रंश भाषा वाचताही येत नसेल. बापाने सांभाळले म्हणून मुलाने सांभाळले, एवढेच. विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारखे अभ्यासक तिथे पोचले, आणि दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीच्या कृती त्या गाठोड्यांतून बाहेर आल्या. १९३१ मध्ये ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेतून छापले गेले, संपादक डॉ. प. ल. वैद्य. अपभ्रंशाचा आणि त्यातून आपल्या भाषांचा इतिहास लिहिणाऱ्यांना कारंज्याला टाळून पुढे जाता येत नाही. न समजलेली ठेवही इमानाने पुढच्याच्या हाती देता येते, आणि ती ज्याला समजेल तो कदाचित तुमच्या घरचा, गावचा नसतो.

कारंजे हे नृसिंह सरस्वतींचेही जन्मगाव. त्यांनी आईबापांना सोडून संन्यास घेतला, तीस वर्षांनी एकदा ते जन्मगावी आले, आणि शेवटी गाणगापूरला निर्गुण पादुका ठेवून गेले. संन्याशाला वंश नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे त्यांच्या सायंदेव नावाच्या शिष्याच्या वंशातले. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि मग सरस्वती, अशी ती ओळ. गुरूने शिष्याला दिलेला शब्द शिष्याच्या घरात बापाकडून लेकाकडे येत राहिला आणि पाचव्या पिढीत त्याची पोथी झाली. आज दत्तजयंतीच्या सप्ताहात घरोघरी जिचे पारायण होते, ती ही पोथी.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या प्रसंगांत एक रिकामी जागा आहे. याकोबाच्या खाटेभोवती बारा मुलगे उभे आहेत. त्याला दीना नावाची मुलगीही होती. शिमोन आणि लेवीला जो शाप मिळाला त्याचे कारण तिच्यावर झालेला अत्याचार आणि त्यानंतरचा सूड. तिच्या नावाने पेटलेल्या आगीचा हिशेब त्या खोलीत होतो, आणि ती स्वतः तिथे कुठेच नाही. बाप तिला काय सांगून गेला, सांगून गेला की नाही, ग्रंथ बोलत नाही.

ही रिकामी जागा भरणारा बाप महाराष्ट्राच्या इतिहासात होऊन गेला. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे नाव. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून पंडितसभेपुढे उभे राहावे लागलेला हा वैदिक. लोकांचा जाच नको म्हणून पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात ते जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांची धाकटी मुलगी जन्मली, रमा, म्हणजेच पुढच्या पंडिता रमाबाई. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांच्या ओवऱ्यांत पुराण सांगत देशभर फिरले. होते नव्हते ते सरले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा भांडी, दागिने विकून झाले होते. रानातला पाला आणि बोरे खाऊन दिवस निघत होते. भीक मागायची नाही आणि मजुरी जातीच्या अभिमानात बसत नाही. शेवटी म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी तीर्थाच्या पाण्यात देह सोडायचे ठरवले, आणि एकेका मुलाला निरोपासाठी जवळ बोलावले.

रमाबाईंनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. वडिलांची दृष्टी गेलेली. मुलीचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तिला मिठीत घेतले. तू माझी सर्वांत धाकटी, सर्वांत लाडकी. मी तुला कसे शिकवले ते विसरू नकोस. जगलीस तर मानाने जग, सरळ वाट सोडू नकोस. मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर. अशा आशयाचे ते सांगणे होते. बायबलातला इसहाकही असाच आंधळा झालेला होता. त्याने हात चाचपून आशीर्वाद दिला आणि दोन मुलांत फसगत झाली. अनंतशास्त्र्यांच्या हाताची फसगत झाली नाही. थोरल्या भावाने मजुरी करीन म्हणून सांगितल्यामुळे जलसमाधी टळली. पण शास्त्रीबुवा थोड्याच दिवसांत गेले, त्यांच्यामागून आई गेली. रमा सोळा वर्षांची होती.

वडिलांनी सांगितलेला देव आणि रमाबाईंना पुढे सापडलेला देव वेगळा निघाला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली, तेव्हा बापाचे नाव बुडवले असे म्हणणारे लोक पुण्यात कमी नव्हते. त्या स्वतः मात्र शेवटपर्यंत वडिलांचा तो शब्द कानात आहे असेच लिहीत आणि सांगत राहिल्या. १८८९ मध्ये शारदा सदन, पुढे केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली. ज्या बापाने बायकोला अक्षर दिले म्हणून गाव सोडले, त्याच्या मुलीने हजारो बायकांना अक्षर दिले. यात कोणता शब्द मोडला? दैवताचे नाव बदलले, हे खरे. आणि ज्यांना ते पटले नाही त्यांचा तो अधिकार. पण मानाने जगणे, सरळ चालणे, देवाचे होऊन राहणे, या तिन्ही गोष्टी तिने पाळल्या. गाळून घेणे म्हणतात ते हेच असावे.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणत होत्या. कमी शिकलेल्या बाईलाही समजावे, हा त्यामागचा हट्ट. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. याकोबाची खाट, दाविदाचा निरोप, इसहाकाचे चाचपडणारे हात, हे सगळे त्यांनी एकेक ओळ करून मराठीत उतरवले. ज्या मुलीच्या हाती काम सोपवायचे होते ती मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. वारस आधी गेला, आई मागे राहिली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.

बायबलातच, आणखी मागे, मोशेच्या काळातली एक घटना आहे. सलाफहाद नावाचा माणूस रानात मेला. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या. त्यांची पाचही नावे ग्रंथाने नोंदवली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप काही न सांगता गेला होता. या पाच जणी सगळ्या लोकांसमोर मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे, आम्हांला त्याचा वाटा द्या. मोशेने उत्तर देण्याआधी देवाला विचारले, आणि मुलींचे बरोबर आहे असा निवाडा मिळाला.

आपल्याकडे हा निवाडा यायला फार वेळ लागला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलला, देशाने २००५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले की मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, मग कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात असो वा नसो. कायदा कागदावर पक्का आहे. प्रत्यक्षात काय होते ते जिल्ह्यातल्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर सकाळी अकरा वाजता उभे राहिले की दिसते. भावांच्या मोटारसायकलींवर मागे बसून बहिणी येतात. मुद्रांक आधीच घेतलेला असतो. हक्कसोडपत्रावर सही, अंगठा, कॅमेऱ्यापुढे क्षणभर बसणे, मग नवीन लुगडे आणि हॉटेलात चहा. माहेर तुटू नये म्हणून बाई सही करते. आनंदाने करणाऱ्याही असतात, त्यांच्या मनाचा मोठेपणा आम्ही मानतो. पण विचारले किती जणींना?

आणि या जिल्ह्यात बापाचे जाणे नेहमी अंथरुणावर, मुलाबाळांत होत नाही, हे लिहिताना हात जड होतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले, त्यांत वाशीम होते. कशासाठी होते, ते सांगायला नको. सोयाबीनच्या, तुरीच्या, कपाशीच्या शेतात ज्यांनी स्वतःला संपवले त्यांचा शेवटचा शब्द चिठ्ठीवर राहिला किंवा राहिलाच नाही. त्यांच्या लेकरांना वारशात मिळाले ते कर्ज आणि एक न सुटलेला प्रश्न: आमच्याशी का नाही बोललात? बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, ही जुन्या हिंदू कायद्यातली समजूत २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती काढून टाकली आहे. वारसावर जबाबदारी येते ती हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. वसुलीला दारात आलेल्या माणसासमोर हे ठामपणे सांगता आले पाहिजे, आणि ते तांड्यातल्या, गावातल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला ठाऊक असायला हवे.

कॅथलिकांच्या बायबलात तोबीत नावाच्या आणखी एका आंधळ्या बापाची कथा आहे. आपण आता मरणार असे वाटून त्याने मुलगा तोबियाला बोलावले. सुरुवातीलाच आज्ञा: आईला अंतर देऊ नकोस, तिने तुझ्यासाठी काय सोसले ते आठव. मग भुकेल्याला भाकरी दे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नकोस. आणि सर्वांत शेवटी, दूरच्या गावी ठेवलेल्या पैशांचा पत्ता. सांगून झाल्यावर तोबीत मेला नाही. त्याची दृष्टी परत आली आणि तो पुढे कितीतरी वर्षे जगला, मुलगा आपला शब्द कसा पाळतो ते डोळ्यांनी पाहत.

म्हणून आमची या जयंतीला एक मागणी आहे, आणि ती तांड्याच्या नायकांइतकीच गावच्या पाटलांना, मठांच्या प्रमुखांना, चर्चच्या पाळकांना आहे. धडधाकट असताना घरातल्या सगळ्यांना एकदा जवळ बसवा. मुलींना सासरहून बोलावून घ्या. सुनांनाही उठवून पाठवू नका. कर्ज किती, कोणाचे, ते सांगा. कोणी अडीअडचणीत हात दिला, त्याचे नाव सांगा. धुऱ्याचा दावा तुमच्या हयातीतच मिटवता आला तर मिटवा. कोणाचा वाटा किती, ते मुलींसमोर बोला आणि मृत्युपत्र करायचे असेल तर त्याच आठवड्यात करा. ज्या घरात बाप यातले काही न सांगता गेला असेल, तिथे वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. त्या अर्जात बहिणींची नावे घालणे भावांच्या हातात आहे, आणि ती राहून गेली असतील तर फेरफारावर हरकत घेणे बहिणींच्या.